पन्नासपैकी एकोणीस

साखरेच्या डब्यासाठी प्राचीने फडताळ उघडलं, तर दाराच्या आतल्या अंगाला तिच्या रांगेशेजारी दुसरी रांग उभी. वर ‘जि’. खाली अकरा, चौदा, चौदा, वीस, सव्वीस. अक्षर बाईंचंच, फक्त मोतीबिंदू झाल्यापासून आकडे उताराला लागल्यासारखे खाली घसरलेले. चहाचं पाणी उकळत होतं. बाहेरच्या खोलीतून बाईंनी सांगितलं, ‘‘आलं फ्रीजच्या दारात आहे गं,’’ आणि प्राची हात वर धरून तशीच उभी राहिली. सतरा वर्षं त्या दारावर एकच रांग होती. वर ‘प्रा’, खाली पन्नासपैकी एकोणीस, मग बावीस, पुन्हा बावीस, सत्तावीस, असं करत करत सगळ्यात शेवटी बोर्डाचे, दीडशेपैकी एकशे अठरा. त्याखाली आडवी रेघ. ती रेघ प्राचीला फार आवडायची. बाईंकडे आली की चहा करायचं निमित्त काढून ती फडताळ उघडायची, कुणी देवघरात डोकावावं तशी. रेघेखाली आता काही यायचं नाही याची तिला खात्री होती. शेजारी काही येईल हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

पाणी उतू गेलं.

कुमुदिनीबाई अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होत्या. आकडा जो दिसला तो लिहायचा, जो हवा तो नाही, एवढा एकच धर्म त्यांनी आयुष्यभर पाळला आणि शिकवायची रीतही त्याच्यातूनच काढली. दर रविवारी गणिताचा पन्नास गुणांचा पेपर, हाताने लिहिलेला. तो सोडवायचा. मग टेबलक्लॉथखालून उत्तरांचा कागद काढायचा, लाल पेन घ्यायचं आणि आपला पेपर आपणच तपासायचा. बाई तोवर आत दार लावून झोपायच्या. तपासलेला पेपर फुलदाणीखाली ठेवून पोरीने आपल्या वाटेने जायचं. ‘‘खरा आकडा असेल तो मी ह्या दारावर लिहीन,’’ एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सोळा वर्षांच्या प्राचीने स्वतःला पहिल्या रविवारी अडतीस दिले, दुसऱ्या रविवारी एक्केचाळीस, मग त्रेचाळीस. दार कोरं. तीन महिने कोरं. पुढच्या रविवारी बाई नुसता मीठ लावलेला पेरू पुढे ठेवायच्या. आणि एका रविवारी, का कोण जाणे, प्राची घरी गेलीच नाही. बाई उठेपर्यंत टेबलाशी बसून राहिली आणि त्या बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘बाई, लिहा. एकोणीस.’’ बाईंनी कानावरची पेन्सिल काढली. पेपराकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं खोटं त्या कशावरून ओळखायच्या, हे कोडं प्राचीने पुढे स्वतः बी.एड. करून, दहा वर्षं पोरांचे पेपर तपासूनही सोडवलेलं नव्हतं.

प्र. १. जोड्या लावा.
प्राचीला खरा आकडा सांगायला लागलेले रविवार: तेरा.
‘जि’ला खरा आकडा सांगायला लागलेले रविवार: दोन.
(तारखा पेन्सिलीने शेजारी दिलेल्या आहेत.)

दोन. हेच काळजात घुसलं. सव्वीसचं काही नाही, सव्वीस कुणालाही पडतात. पण दुसऱ्याच रविवारी अकरा? अकरा म्हणायला जीभ कशी वळली? ज्या खरेपणासाठी आपण तेरा रविवार आतून किडलेल्या लाकडासारखे काढले, ते हे ‘जि’ येता येता रस्त्यावरून उचलल्यासारखं घेऊन आलं. प्राचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे एका अकराचा हेवा करणारी गणिताची शिक्षिका म्हणून स्वतःचं हसूही आलं. तीन महिने ती मतदार याद्यांच्या ड्युटीवर बदलापुरात दारोदार फिरत होती, रविवारीसुद्धा. फक्त तीन महिने. जागा रिकामी दिसली की गाडीत लोक रुमाल टाकतात. इथे तर बाईंनीच टाकला होता.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा दाराची कडी न वाजवताच एक मुलगी आत शिरत होती. सोळा-सतराची, काटकुळी, हाताची नखं निळी. रंगवलेली नव्हेत, मुरलेली निळी. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांची असतात तशी. ‘‘आजी, तू उठू नको ना, मैं लेती,’’ म्हणत तिने बाईंच्या हातातली औषधांची डबी काढून घेतली. आजी. तू. प्राचीने सतरा वर्षांत ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ यांच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. टाकावंसं वाटलं नव्हतं असं नाही.

‘‘ही जिज्ञासा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि ही प्राची. सांगितलं ना तुला.’’

‘‘अरे, आप ही वो एकोणीसवाली!’’ पोरीने टाळी वाजवली. ‘‘मी तर खूप हसली, मॅडम. आजी बोलली, तीन महिने मॅडमनी मार्कांची चोरी केली. आणि हळदीतल्या पर्सांचं पण बोलली.’’

‘‘घाबरली होती गं,’’ बाई प्राचीला समजुतीच्या सुरात म्हणाल्या. ‘‘अकरा सांगून रडायला बसली. म्हटलं, अगं, एक प्राची म्हणून आहे.’’

एक प्राची म्हणून आहे. प्राचीने कप तोंडाला लावला, जीभ पोळून घेतली. तर आपली लाज आता ह्या घरात शिकवायच्या साहित्यात जमा झाली होती, फळ्यावरच्या कंपाससारखी. हळदीतल्या पर्सा. बाईंना ते सांगितलं त्या दुपारी तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. सोनिवलीची जमीन बापाने बिल्डरला दिली, त्या वर्षी घरात गाडी आली, फ्रीज आला, रोजची बाटली आली आणि आई गेली. जनूशेठ, लोक बापाला म्हणायला लागले. काल चिखलात पाय घालणारा जनू, आज शेठ. घरात एवढं सगळं असून प्राची चोरायची. गावच्या हळदींमध्ये डीजे लागला की बायका खुर्च्यांवर पर्सा टाकून नाचायला जायच्या, आणि ती नाचता नाचता खुर्च्यांमागून फिरायची. पैशांसाठी नव्हतंच ते. बाईच्या पर्सेत हात घातला की आत एक ऊब असायची, पावडरचा वास, कंगवा, पोराचं औषध; कुणाची तरी आई आत घडी घालून ठेवल्यासारखी. मामेबहिणीच्या हळदीला बांगडीसकट सापडली. मांडवात चारशे लोकांसमोर बापाने पट्ट्याने मारलं आणि डीजेवाल्याने गाणं बंद केलं नाही. शाळेने आधीच पटावरून नाव काढलं होतं. शेवटी अंबरनाथच्या बाजारात भाजी विकणारी जनीआत्या तिला दंडाला धरून आपल्या गिऱ्हाइकाच्या दारात घेऊन आली. ‘‘बाय, हिला तुमच्याकरं बसवा. आमचं कोनाचं आयकत नाय. शिकली तं शिकली, नायतं भांडी तरी घासंल.’’ कुमुदिनीबाईंनी प्राचीकडे न पाहता आत्याच्या टोपलीतली शेपूची जुडी उचलली आणि विचारलं, ‘‘सत्तावीस गुणिले तीन किती गं?’’

निघताना बाईंनी पाकीट दिलं. ‘‘जिज्ञासाचा सतरा नंबर. ऑनलाइन भरून झालाय. प्रिंट आणि दाखला तुझ्या शाळेत जमा करायचाय, शनिवारी शेवटची तारीख. तू तिथेच आहेस, बबनच्या हातात दे फक्त.’’ शाळा सुटलेल्या पोरांना बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. प्राचीही त्याच सतरा नंबरने बसलेली. ‘‘हो, देते ना,’’ ती म्हणाली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. खाली येऊन रिक्षात बसल्यावर तिने ते उघडलं. मूळ दाखल्यावर निळ्या अंगठ्याचा पुसट ठसा होता. वर्तणुकीच्या रकान्यात ‘बरी’. प्राचीच्या दाखल्यावर ‘असमाधानकारक’ होतं. तिथेही ही पुढे.

सोमवारी बबन क्लार्क जागेवर नव्हता. मंगळवारी होता, पण प्राचीला तास होता. बुधवारी ती त्याच्या टेबलासमोर उभी राहून पंख्याबद्दल बोलली. पाकीट पर्समध्येच. तिने ते द्यायचं नाही असं मुळीच ठरवलं नव्हतं, कुणी विचारलं असतं तर ती रागावली असती. ती विसरत होती, एवढंच. आणि विसरायला बरंच लक्ष द्यावं लागत होतं. डबा काढताना पाकिटाचा कोपरा बोटाला लागायचा आणि ती बोट तिथे क्षणभर राहू द्यायची. ती ऊब ओळखीची होती. कुणाची तरी वस्तू आपल्याकडे आहे आणि त्या माणसाला ते माहीत नाही. मांडव, डीजे, खुर्च्यांची मागची बाजू. चौतिसाव्या वर्षी, हातात दहावी ‘ब’च्या वह्यांची चळत घेऊन जिना चढताना, तिच्या बोटांना पुन्हा पावडरचा वास येऊ लागला होता.

प्र. २. कारणे द्या.
शिक्षिकेने पाकीट गुरुवारी दिले नाही, कारण
(अ) बबन जेवत होता.
(ब) एक वर्ष उशिराने काही बिघडत नाही, उलट पाया पक्का होतो.
(क)
(क चा पर्याय छपाईत राहून गेला आहे. पूर्ण गुण देण्यात यावेत.)

आणि मधेच यज्ञेश आठवायचा. बाईंचा मुलगा. आता हैदराबादला असतो, आईला न्यायचं म्हणतो आणि ती जात नाही. तेव्हा अकरावीत होता. प्राची येऊन बसली की हा पाणी प्यायच्या निमित्ताने चारदा स्वयंपाकघरात जायचा, भांडी आदळायचा. एकदा उत्तरांचा कागद टेबलक्लॉथखाली नव्हताच. प्राचीने सगळीकडे शोधला, शेवटी तो यज्ञेशच्या खिशातून डोकावताना दिसला. ‘‘दे,’’ ती म्हणाली. तो म्हणाला, ‘‘माझे मार्क कधी लिहिले नाहीत तिने दारावर. पंच्याण्णव पडले तरी नाही.’’ त्याचा आवाज तेव्हा फुटत होता, त्यामुळे ते वाक्य अर्धं बाप्याचं, अर्धं पोराचं निघालं. आणि प्राचीने काय केलं होतं? ती हसली होती. मोठ्या घरातल्या, इस्त्रीच्या शर्टातल्या, आई असलेल्या मुलाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे आहे, ह्या आनंदाने तिला त्या रात्री झोप आली नव्हती. गणिताचं पुस्तक तिने त्यानंतर जे उघडलं ते खरं म्हणजे यज्ञेशला जळवायला. शिक्षणाने माणूस सुधारतो म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी तिला बोलायला लावतात आणि ती बाईंची जिद्द, बाईंची माया असं सांगते. यज्ञेशच्या तोंडावरचा उडालेला रंग सांगत नाही.

शनिवार. शाळा अर्धा दिवस. बबन फॉर्मांचा गठ्ठा सुतळीने बांधत होता. सुतळीचं एक टोक दातात धरून त्याने विचारलं, ‘‘मॅडम, सतरा नंबर आज बंद करतोय. सोमवारी सकाळी वाशीला, बोर्डात नेऊन देणार. कुणाचा राहिलाय का?’’

‘‘नाही,’’ प्राची म्हणाली.

‘‘नक्की ना? मागून येऊन रडतात पोरं.’’

‘‘नाही, माझ्याकडे कुणाचा नाही.’’

सुतळीला गाठ बसली. बस्स, इतकं सोपं. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर तिचे कान गरम झाले होते आणि तोंडाला पाणी सुटलं होतं, चोरी साधल्यावर सुटायचं तसं. ती रिक्षात बसली नाही. चालत निघाली. उन्हात पाऊण तास चालली आणि चालता चालता एक न बोलावलेली आठवण आपोआप वर आली. तिचा स्वतःचा सतरा नंबर. तेव्हा ऑनलाइन नव्हतं. बाईंनी कंपनीतून अर्धी रजा काढली होती. ह्याच शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीपुढे, लॅबच्या पांढऱ्या कोटातच, ॲसिडने भोकं पडलेल्या बाहीसकट त्या रांगेत उभ्या होत्या. खिडकीतल्या माणसाने दाखल्यावरचा शेरा वाचला आणि म्हणाला, ‘‘अशा मुलीचं काय करणार मॅडम तुम्ही?’’ बाईंनी सरळ सांगितलं, ‘‘मी काही करणार नाहीये. तुम्ही शिक्का मारा.’’ प्राची मागे उभी होती. बाईंच्या कोटाच्या खिशात त्यांची पर्स होती, अर्धी बाहेर आलेली. रांग पुढे सरकत होती. प्राचीने बोटाने ती पर्स आत ढकलली. बाईंना कळलंच नाही. की कळलं होतं? हे तिने कुणाला कधी सांगितलेलं नव्हतं. हे दारावर कुठेच नव्हतं.

रविवारी ती गेली. जाऊ नये असं वाटत असताना पाय तिकडे वळले. दार जिज्ञासाने उघडलं, कानामागे लाल पेन, तोंडात पेरू. बाई खुर्चीत बसल्या होत्या, डोळे मिटून, नुकत्या उठल्यासारख्या.

‘‘फॉर्म गेला ना मॅडम?’’ पोरीने विचारलं. सहज. पेरू चावत.

‘‘हो,’’ प्राची म्हणाली. ‘‘गेला.’’

‘‘झक्कास! आजी, ऐकली का? गेला फॉर्म.’’

‘‘ऐकलं. चहा टाक गं प्राची.’’

ती आत गेली. पाणी ठेवलं. साखरेसाठी फडताळ उघडलं. ‘जि’च्या रांगेत सव्वीसखाली आजचा नवा आकडा होता, एकतीस, शाई ओली असावी तसा ताजा, पेन्सिलीचा भुगासुद्धा झटकलेला नव्हता. त्या ‘एक’च्या काडीला खालून निळ्या बोटाचा डाग. पोरीने हात लावून पाहिला असणार. प्राचीनेही त्या एकोणिसावर असंच बोट ठेवून पाहिलं होतं, सतरा वर्षांपूर्वी, बाई वळल्यावर. आकड्याला हात लावला की तो आत उतरतो असं काहीतरी वाटलं होतं. ही पोरगी आपल्यासारखी आहे, ह्याचा राग येणं बाकी होतं, तोही आला. तो येऊन गेला आणि मागे काहीच उरलं नाही. फक्त दार, दोन रांगा आणि उकळी फुटायच्या आधी पाण्याचा होतो तो आवाज.

‘‘बाई,’’ ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ‘‘बाई, लिहा.’’

बाहेर खुर्ची करकरली. बाई भिंतीला हात लावत आल्या. मागे जिज्ञासा.

‘‘काय लिहू?’’

‘‘शून्य. फॉर्म दिला नाही मी. आठ दिवस पर्समध्ये आहे. काल बबनने विचारलं, तर नाही म्हणाले. आत्ता हिला गेला म्हणाले.’’

 जिज्ञासाने पेरू ओट्यावर ठेवला. ‘‘मतलब?’’ तिने बाईंना विचारलं, प्राचीला नाही. ‘‘मतलब माझा साल गेला?’’

‘‘फोन लाव,’’ बाई म्हणाल्या. ‘‘स्पीकरवर.’’

बबन रविवारी दुपारी झोपेतून उठला होता. ‘‘बोला मॅडम.’’

‘‘बबनभाऊ, एक सतरा नंबर राहिलाय.’’

‘‘आता? काल तुम्हाला दोनदा विचारलं मी! तुम्हीच म्हणालात नाही म्हणून.’’

‘‘खोटं बोलले.’’

 स्वयंपाकघरात तीन माणसं आणि फोनमधला त्याचा श्वास. ‘‘का?’’ बबनने विचारलं. अगदी साधं विचारलं, पण त्याचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बबनच पुढे म्हणाला, ‘‘जाऊ दे. गठ्ठा घरीच आणलाय. आज अंधार पडायच्या आत आणून द्या, सुतळी सोडतो. उद्या सहाला मी निघालो की मग माझ्या हातात काही नाही. आणि मॅडम, पोरीला सोबत आणा, एक सही राहिलेली असते त्यांची नेहमी.’’

जिज्ञासाने हात पुढे केला. प्राचीने पर्स उघडली, पण पाकीट काढून देण्याआधीच पोरीने स्वतः हात घालून ते घेतलं, आतला दाखला निळ्या बोटांनी चाचपला आणि कुर्त्यात, छातीशी खोचला. ‘‘मी घेऊन जाणार. आप साथ में चलो, पण हे माझ्याकडे राहील.’’ मग रडू आवरत, ‘‘मी काय केलं होतं तुमचं, मॅडम?’’

‘‘अकरा,’’ प्राची म्हणाली.

पोरीला ते कळलं नाही. बाईंना कळलं असावं, कारण त्यांनी दाराकडे तोंड फिरवलं.

‘‘बाई, तुम्ही ओळखायच्या कशा? खरा आकडा?’’

‘‘त्यात ओळखायचं काय?’’ बाई वैतागल्यासारख्या म्हणाल्या. ‘‘तपासला कधी मी तुझा पेपर? खोटा असला की तू फुलदाणीखाली ठेवून पळायचीस. खरा होता त्या दिवशी थांबलीस, लिहा म्हणालीस. लिहिला.’’

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. त्यांना आता दार दिसत नव्हतं, दार असल्याचं दिसत होतं फक्त. पण बोट चाचपडलं नाही. ‘प्रा’वरून ते खाली उतरत गेलं, एकोणीस, बावीस, बावीस, सत्तावीस, न थांबता, कुणी रोज जपाची माळ ओढावी तसं, थेट एकशे अठरापर्यंत आणि त्याखालच्या रेघेपर्यंत. रेघ ओलांडून त्यांनी एक वाकडं शून्य काढलं. अंगठ्याने त्याच्या कडा पुसल्या. पेरूची फोड मात्र या वेळी पुढे केली नाही.

जिज्ञासा ओट्याला टेकून पाहत होती. पाकिटावर एक हात दाबलेला. ‘‘आजी,’’ तिने नाक ओढत विचारलं, ‘‘पैकी किती? पैकी लिहिला नाही तू.’’

‘‘ते तिला विचार.’’

प्राचीने उत्तर शोधायला दाराकडे पाहिलं. चहाचं पाणी निम्मं आटलं होतं आणि बबनच्या घरी पोचायला अजून तासभर लागणार होता. पण त्याआधी तिने नजरेने मोजून घेतलंच: हे शून्य धरून तिची रांग ‘जि’च्या रांगेपेक्षा अजून चार बोटं लांब होती.